पाच तास, एकच समुद्र

टार्निट, मेलबर्न
२४ सप्टेंबर २००८

प्रिय ताईस,
नंदूचा सा. न. वि. वि.
तू, भावोजी आणि रुद्र मजेत असाल असं धरून चालतो, कारण तुझं पत्र नाही.

तू तिकिटं काढून पाठवलेली दोन्ही माणसं शनिवारी सुखरूप पोचली. विमानतळावर कस्टमच्या बाईने आईच्या मेतकुटाची पिशवी तीनदा हुंगली आणि परत दिली. तेव्हापासून आईचं ऑस्ट्रेलियाबद्दल मत चांगलं झालं आहे. मी ज्याच्या घरात भाड्याने राहतो तो शैलेंद्र, डोंबिवलीचा, आयटीतला, त्याने आई-बाबांना पुढची मोठी खोली दिली. त्याची बायको बाळंतपणाला मुंबईला गेली आहे, त्यामुळे आईच्या हातचं जेवण सगळ्यात जास्त तोच जेवतो आणि प्रत्येक वाटीला नो वरीज म्हणतो. आई मला विचारत होती, की याला कसली काळजी लागून राहिली आहे.

बाबा रोज सकाळी कोपऱ्यावरच्या बसस्टॉपवर जाऊन बसतात. बसमध्ये चढत नाहीत. खांबावरचं वेळापत्रक आणि मनगटावरचं घड्याळ ताडून पाहतात. सोमवारी बस चार मिनिटं उशिरा आली, तर जेवताना त्यांनी ते असं सांगितलं, जसं कुणी नातेवाईक दारू पिऊन आल्याचं सांगावं. एकतीस वर्षं एसटी चालवलेला माणूस, त्याला दुसरं काय दिसणार.

ताई, खरं सांगायचं तर मी दमलो आहे. आठवड्यात तीन दिवस युनि, वर असाइनमेंटं, आणि शुक्रवार-शनिवार रात्री टॅक्सी. कधी बुधवारीही. मी कॉम्प्युटर सेंटरमध्ये रात्रपाळीला मशीनवर लक्ष ठेवतो, असं त्यांना सांगितलं आहे. तुझ्याशिवाय आपल्या घरात खरं कुणाला माहीत नाही आणि तू बोलू नकोस. बाबा निवृत्त झाले तेव्हा आगारातल्या निरोप समारंभात सगळ्यांसमोर काय म्हणाले होते, आठवतं ना? माझ्या हातात चाक होतं, माझ्या मुलाच्या हातात माउस असेल. त्या माणसाला मी कुठल्या तोंडाने सांगू, की मीही चाकच धरलं आहे, तेही परक्या गावात?

पाच तारखेच्या रविवारी त्यांना समुद्राकाठच्या रस्त्याने फिरवून आणणार आहे. कडे, वळणं, आणि शेवटी समुद्रात उभे असलेले ते मोठे खडक. शैलेंद्रची गाडी मिळाली आहे. तेवढं एक तरी नीट पार पडू दे.

हे मी युनिच्या लायब्ररीत बसून लिहितो आहे. घरून फोन करायला गेलो तर दोघंही कान देऊन बसतात. रुद्रला पापी. माया कमी करू नकोस.

तुझा,
नंदू

*

पुणे
१ ऑक्टोबर २००८

चि. नंदूस,
ताईचे आशीर्वाद.
पत्र आज मिळालं आणि आजच उत्तर लिहिते आहे, म्हणजे मला टोमणा मारायला तुला जागा नको.

मी कुणाला काही सांगणार नाही. पण तू हे बाबांपासून लपवू शकशील असं मला वाटत नाही. माझ्या लग्नातला व्हिडिओवाला पूर्वी ट्रकवर होता, हे त्यांनी तो खुर्चीत बसला कसा त्यावरून ओळखलं होतं. तू तर त्यांच्या शेजारी बसून दिवसभर गाडी चालवणार.

माझं ऐक, शनिवारी कामावर जाऊ नकोस. रविवारी फिरायला न्यायचं असेल तर आदल्या रात्री झोप. खडक कुठे पळून जात नाहीत. हे पत्र तुला वेळेवर मिळेल की नाही कोण जाणे, पण लिहिलं म्हणजे माझ्या जिवाला बरं.

रुद्रला दाढ येते आहे, त्यामुळे आम्ही तिघंही जागे असतो. तुझी बरोबरी नाही, तरी थोडं कळतं.

आठवण काढत जा, पत्राने काढलीस तर उत्तम.

तुझी,
मंजिरीताई

*

टार्निट
७ ऑक्टोबर २००८

चि. सौ. मंजिरीस,
आईचे पोटभर आशीर्वाद.
रुद्रच्या दाढेचं काय झालं ते कळव. हिरडीला मध लाव, जास्त नको.

परवा रविवारी आम्ही त्या प्रसिद्ध रस्त्याने गेलो होतो. तू फोटो मागशील म्हणून आधीच सांगते, खडकांचे फोटो नाहीत. आम्ही तिथवर पोचलोच नाही.

नंदू पहाटे कामावरून आला, आंघोळ केली आणि उभ्यानेच चहा घेतला. त्यात नेमकी त्याच दिवशी इथल्या सरकारने घड्याळं तासभर पुढे केली. म्हणजे होती-नव्हती ती झोपही गेली. मी म्हटलं, राहू दे, घरीच बसू. तर म्हणाला, की पुढच्या रविवारी अभ्यास आहे आणि त्याच्या आदल्या-मागल्या दिवशी काम, मग तुमचं विमान. हाच एक दिवस आहे. त्याचा चेहरा बघून मी स्वयंपाकघरात गेले. दशम्या, चटणी, शेंगदाण्याचे लाडू बांधून घेतले आणि निघालो.

तुझे बाबा पुढे बसले, मी मागे. दोन तासांनी समुद्र लागला. डाव्या हाताला समुद्र, उजव्या हाताला डोंगर, आणि मधून आपल्या घाटासारखा रस्ता, फक्त खाली दरीऐवजी पाणी. मी म्हटलं, अहो, बघा तरी. पण हे समुद्राकडे बघेनात. सगळा वेळ नंदूच्या तोंडाकडे बघत होते. मला राग आला. एवढ्या लांब येऊन माणूस मुलाचं नाक बघत बसतो.

लॉर्न नावाचं गाव गेलं आणि थोड्या वेळाने हे एकदम म्हणाले, की गाडी थांबव, मला मळमळतंय. मंजू, या माणसाला घाटात कधी मळमळल्याचं मी ऐकलेलं नाही. मी घाबरले, म्हटलं हृदयाचं काही आहे की काय. पुढे कड्यावर गाड्या उभ्या करायची जागा होती, तिथे नंदूने गाडी घेतली. हे उतरले, दोन मिनिटं उभे राहिले आणि नंदूला म्हणाले, की मला जरा बरं वाटेपर्यंत तू सीट मागे कर आणि पड. तो म्हणाला, पाचच मिनिटं हं बाबा. एवढं म्हणेपर्यंत झोपलाही. तोंड उघडं, एक हात चाकावर तसाच. यांनी हळूच किल्ली काढली आणि स्वतःच्या खिशात टाकली. तेव्हा मला कळलं, की यांना काही झालेलं नाही.

तेव्हा पावणेअकरा झाले होते. उठला तो पावणेचारला.

पाच तास आम्ही त्या कड्यावर होतो. माणसं यायची, फोटो काढायची, पुढे जायची. आम्ही तिथेच. वारा असा, की माझा पदर मी शेवटी कमरेला गाठ मारून बांधला. एका गोऱ्या म्हाताऱ्या जोडप्याने काचेतून नंदूकडे बघितलं आणि सगळं ठीक आहे ना असं विचारलं. हे म्हणाले, सन, स्लीप. ती बाई हसली नाही. तिने डोकं हलवलं आणि थर्मासमधला चहा आम्हाला प्यायला दिला. अगदीच फिका होता, पण मी सगळा प्यायले.

दुपारी ऊन फिरून नंदूच्या तोंडावर आलं. हे काचेला पाठ लावून उभे राहिले. मी म्हटलं, माझी शाल लावू का काचेला, तुमचे गुडघे दुखतील. म्हणाले, दार उघडलं तर जागा होईल. तासभर तसेच उभे.

समुद्र मी पाहिला म्हण. एकच तुकडा पाहिला, पण सकाळी तो पाटीसारखा काळपट होता, दुपारी हिरवा झाला आणि मग चकाकून डोळे दुखायला लागले. खाली खडकावर लाट फुटली की वर येईस्तोवर आवाज उशिरा यायचा. इतका वेळ एकाच जागी रिकामी मी लग्नानंतर कधी बसले नसेन.

उठल्यावर त्याने घड्याळ बघितलं आणि त्याला रडू आलं. सारखा म्हणत होता, की तुम्ही मला उठवलं का नाही, अजून दोन तासांत पोचू. हे म्हणाले, गाडी वळव. मग परतताना, तुला खोटं वाटेल, पण हे अडीच तास बोलत होते. देवरुख ते कोल्हापूर एकेक थांबा, कुठे कुणाचं हॉटेल, कुठली म्हातारी कुठे चढायची, सगळं. घरात ज्यांच्याकडून एक वाक्य काढायला मला दोनदा विचारावं लागतं, ते हे. मी म्हटलं, तुम्हीच का नाही चालवत? तर म्हणाले, लायसन कपाटात आणि मोतीबिंदू डोळ्यात.

आता पुढचं वाचून हे पान फाडून टाक. आम्ही आलो त्याच आठवड्यात मी त्याचे कपडे धुवायला घेतले, तर शर्टाच्या खिशात त्याचा फोटो लावलेलं टॅक्सीचं कार्ड होतं. त्या फोटोत तो इतका दमलेला दिसतो, की मी कार्ड परत ठेवलं आणि शर्ट न धुताच होता तिथे टाकला. तुला माहीत असणारच, तुम्ही दोघं लहानपणापासून एकमेकांचं झाकता. पण तुझ्या बाबांना कळता कामा नये. त्यांनी चारचौघांत किती मोठ्या तोंडाने सांगितलं होतं. त्यांचा जीव लहान होईल.

जावयांना नमस्कार. तुम्ही सगळे खाऊन-पिऊन, झोपून राहा, एवढंच मागणं.

तुझी,
आई

*

देवरुख
६ नोव्हेंबर २००८

चि. नंदूस,
अनेक आशीर्वाद.
आम्ही दोघं खुशाल आहोत. तुझी खुशाली फोनवर कळते, पण फोनवर तू नेहमीच खुशाल असतोस, म्हणून हे पत्र.

दिवाळी नीट झाली. तुझ्या आईने तिकडचे फोटो आळीभर दाखवले. माझा गुडघा ठीक आहे.

तू टॅक्सी चालवतोस हे मला त्या रविवारी कळलं. कुणी सांगितलं नाही. रस्त्याच्या कडेला एक बाई केस बांधायला हात वर करून उभी होती, तर तुझा पाय आपोआप ॲक्सिलरेटरवरून निघाला. पुढे एक माणूस उन्हासाठी कपाळावर हात धरून उभा होता, तेव्हाही तेच. घरच्या गाडीवाल्याचा पाय असा निघत नाही. ज्याला माणसं उचलायची असतात त्याचाच निघतो. माझा अजूनही, रिक्षात मागे बसलेला असलो तरी, निघतो.

त्याबद्दल मला काही म्हणायचं नाही. निरोप समारंभात मी जे बोललो ते हार गळ्यात असताना बोललो. तू ते मनावर घेऊन तोंड लपवत असशील तर चूक माझी. तू गाडी चांगली चालवतोस. वळणावर ब्रेक न लावता आधी वेग उतरवतोस, ते मी पाहिलं.

पण पुढचंही पाहिलं. तू दोनदा काच खाली केलीस, कान ओढलास, मग गाणं बदललंस. लॉर्नच्या पुढे एका वळणावर समुद्राच्या बाजूचं चाक पांढऱ्या पट्टीवरून बाहेर गेलं आणि तुला कळलं नाही. तेव्हा मला मळमळलं.

एक गोष्ट मी तुझ्या आईलाही सांगितलेली नाही. १९९१ साली, जानेवारीत, दुपारी अडीचच्या सुमाराला मी घाट उतरत होतो. चव्वेचाळीस माणसं गाडीत. आदल्या दिवशी मी दुसऱ्याची ड्यूटी स्वतःहून मागून घेतली होती, कारण घाटातल्या त्या दुपारच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तुझं शाळेचं गॅदरिंग होतं आणि मला सुट्टी बदलून हवी होती. उन्हात डोळा लागला. किती वेळ ते सांगता येत नाही, एखादं वळण असेल. कंडक्टर संजीव होता. त्याने तिकिटाचा चिमटा दांडीवर जोरात आपटला, तेव्हा मी जागा झालो. डावं चाक खडीत होतं आणि पुढे कठड्याला हातभर जागा होती. समोरून एक ट्रक वर येत होता, त्यामुळे माणसांना वाटलं, की मी ट्रकला चुकवलं. खाली उतरल्यावर लोकांनी माझी पाठ थोपटली. एका म्हातारीने देवाला म्हणून आणलेला नारळ मला दिला. मी घेतला, नंदू. नको म्हणालो नाही. संजीव बाजूला उभा होता, तो काही बोलला नाही आणि पुढेही जन्मात बोलला नाही.

तो नारळ मी घरी आणला नाही. वाटेत ओढ्यात टाकला. सतरा वर्षं झाली, पण लाट फुटल्याचा आवाज ऐकत त्या कड्यावर पाच तास मी तोच विचार करत होतो.

गाडी चालवणं सोड, असं मी म्हणणार नाही. तिथलं तुझं गणित तुला माहीत. पण झोप आली की थांबायचं. मागे कोण बसलं आहे, त्याला किती घाई आहे, हे बघायचं नाही. एवढं मला लिहून पाठव.

तुझ्या आईला यातलं काही ठाऊक नाही. तिला कळवू नकोस, ती उगाच झुरेल.

आशीर्वाद आहेतच, ते घेऊन जपून राहा.

तुझे,
बाबा

*

टार्निट
२३ नोव्हेंबर २००८

तीर्थरूप बाबांच्या चरणी,
नंदूचा शि. सा. नमस्कार वि. वि.
पत्र चौदा तारखेच्या शुक्रवारी मिळालं. लगेच उत्तर लिहायला बसलो, पण तीन वेळा कागद फाडला.

मला ते गॅदरिंग आठवतं. मी नाटकात पोलीस होतो. तुम्ही दुसऱ्या रांगेत बसला होतात आणि माझा प्रवेश आला तेव्हा मान छातीवर टाकून झोपला होतात. शेजारच्या काकांनी तुम्हाला कोपर मारलं तरी उठला नाहीत. मी घरी येऊन दोन दिवस तुमच्याशी बोललो नव्हतो. तुम्ही का म्हणूनही विचारलं नाहीत. आदल्या दिवशी काय झालं होतं ते मला आत्ता, सव्विसाव्या वर्षी कळतं आहे. खरं म्हणजे मी तो राग बरीच वर्षं सांभाळून ठेवला होता, बाबा. गणपतीत, लग्नात, कुठेही तुम्हाला डुलकी लागली की मला तो पोलीस आठवायचा. त्याबद्दल मला माफ करा.

तुमचं पत्र वाचून मी लगेच शहाणा झालो असं नाही. दुसऱ्याच दिवशी, शनिवारी, एकाच्या बदली दुपारची गाडी घेतली. साडेतीनच्या सुमाराला एक म्हाताऱ्या बाई हॉस्पिटलमधून घरी निघाल्या होत्या. पायाला प्लास्टर. फ्रीवेला लागायच्या आधी मी काच खाली केली आणि माझा हात कानाकडे गेला. मग मी डावीकडे एका पेट्रोलपंपावर गाडी घेतली, मीटर बंद केला आणि त्यांना सांगितलं, की मला झोप येते आहे, मी तुम्हाला पुढे नेऊ शकत नाही, दुसरी टॅक्सी बोलावतो.

त्या चांगल्याच भडकल्या. म्हणाल्या, की मी सकाळपासून उपाशी आहे, हे तुला आधी कळलं नव्हतं का. बरोबरच होतं त्यांचं. दुसरी टॅक्सी यायला वीस मिनिटं लागली आणि तेवढा वेळ त्या मला बोलत होत्या. मी त्यांना दुसऱ्या गाडीत बसवलं, कुबड्या आत ठेवल्या. जाताना त्यांनी माझ्याकडे बघितलंही नाही.

तुम्हाला नारळ मिळाला होता, मला शिव्या मिळाल्या. मी गाडीत येऊन बसलो आणि खूप दिवसांनी मला हलकं वाटलं. मग तिथेच दोन तास झोपलो.

सोमवारी युनित जाऊन एक विषय पुढच्या सेमिस्टरला ढकलला. म्हणजे पदवी फेब्रुवारीऐवजी जुलैत मिळेल आणि तिकडच्या उन्हाळ्यात मला घरी येता येणार नाही. ताई रागावेल, तिला मी वेगळं लिहितो. रात्रीच्या पाळ्या सोडल्या. आता फक्त शनिवार-रविवार दिवसा चालवतो. मालक कुरकुरला, पण दिवसपाळीवरचा एक जण गावी गेला आहे, त्यामुळे जमलं. फार सोपं जाणार नाही हे दिसतंच आहे. दमणूकही अजून अंगातून गेलेली नाही.

तुम्ही लिहून मागितलं होतं, म्हणून लिहितो. झोप आली की थांबेन. मागे कुणीही बसलेलं असलं तरी.

आईला यातलं काही बोलणार नाही, तुम्ही म्हणता तसंच.

आज रविवार, पण गाडी मालकाने दुरुस्तीला दिली आहे. सकाळी साडेदहाला शैलेंद्रने दार वाजवून मी जिवंत आहे ना ते पाहिलं. मी हो म्हणालो आणि परत झोपलो. आत्ता उठून, चहा करून, हे लिहायला घेतलं.

गुडघ्याला तेल लावत जा. मी रागावलेला होतो तेव्हाही तुमची माया होती, तशीच पुढेही असू द्या.

आपला,
नंदू